डोंगरावरची सोबत

डिसेंबर उजाडला की आमच्या स्टाफरूममध्ये दोनच विषय असतात. एक स्नेहसंमेलनाचा आणि दुसरा डोंगराचा. स्नेहसंमेलनाचा विषय मुख्याध्यापकांसमोर निघतो, डोंगराचा मधल्या सुट्टीत डबे उघडल्यावर. "यंदा कुठे?" एवढंच कोणीतरी विचारतं आणि मग पोळीचा घास हातातच राहतो.

आम्ही म्हणजे चार जोडपी. सगळी संगमनेरची, सगळी चाळिशी ओलांडलेली. आमच्या घरची दोघं; विज्ञानाचे सर आणि भाभी; मराठी शिकवणारी आमची मैत्रीण आणि तिचे पती; आणि पेठेत किराणा दुकान चालवणारे भाईजान आणि आपा. लिहिणारा हात एक असला तरी चालणारे पाय सोळा आहेत, म्हणून या लेखात आम्ही 'आम्ही'च राहणार आहोत.

सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा निघालो तेव्हा घरात कोणालाच ते पटलं नव्हतं. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "पहाड पे क्या रखा है? या वयात गुडघे सांभाळायचे की डोंगर चढायचे?" शेजारणीने विचारलं, "तिकडे कोणाची दर्गाह आहे का?" आमच्याकडे बाहेर पडायचं म्हणजे लग्न, मौत, उरूस, नाहीतर पाहुण्यांकडे. नवराबायकोने मित्रमैत्रिणींबरोबर, काहीही काम नसताना, थंडीत पहाटे उठून डोंगरावर जायचं याला काही नावच नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीला परवानगी मिळवणं फार कठीण असतं. शेवटी सरांनी "शैक्षणिक सहलीसाठी जागा पाहून येतो" असं सांगितलं आणि आम्ही निघालो.

पहिली वाट पट्टा किल्ल्याची

पहिल्यांदा गेलो ते अकोले तालुक्यातल्या पट्टा किल्ल्यावर. चढ फारसा नाही, माथा चांगला ऐसपैस. १६७९ साली जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज या गडावर येऊन राहिले, तिथे त्यांना विसावा मिळाला, म्हणून याचं नाव विश्रामगड पडलं. आजूबाजूच्या पठारांवर आता पवनचक्क्या फिरतात. त्या दिवशी आम्ही दीड तासाच्या वाटेला तीन तास लावले. आपांनी पर्समध्ये अडकित्ता आणि सुपारी आणली होती. भाभींनी पायात लग्नातल्या चपला घातल्या होत्या. पण संध्याकाळी उतरताना कोणीच कोणाशी 'पुन्हा येऊ' असं बोललं नाही, आणि तरी सगळ्यांना ते ठाऊक होतं.

तेव्हापासून दर हिवाळ्यात एक तरी डोंगर होतोच. लोक विचारतात, थंडीतच का? पावसाळ्यात सह्याद्री सुंदर दिसतो, पण खडकावर शेवाळ असतं, धुक्यात चार हातांवरचं दिसत नाही. मार्चनंतर झाडं उघडी पडतात, वरच्या टाक्यांचं पाणी आटतं, दहा वाजताच ऊन डोक्यात जातं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मधले. गवत वाळून पिवळं झालेलं, हवा स्वच्छ, आणि दूरचे डोंगर जवळ आल्यासारखे दिसतात. काळ्या दगडाच्या आडव्या पट्ट्या एकावर एक रचल्यासारख्या वेगळ्या दिसतात. सर त्या दाखवून सांगतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकामागून एक पसरत गेले, त्यांचाच हा दगड. मुलांना पुस्तकातल्या चित्रावरून दहा वेळा समजावलेली गोष्ट तिथे एकदा बोट दाखवून समजते.

बायकांच्या गोष्टी

ज्या गोष्टी कोणी लिहीत नाही त्या आधी सांगतो. बायका डोंगरावर जायला का कचरतात? भीतीने नाही. लघवीची सोय कुठे होणार या विचाराने. मग त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. थंडीत तहान तशीही कमी लागते. पण चढताना घाम येतो, कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं. मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात आणि घरी गेल्यावर "बघ, तुला झेपत नाही" हे ऐकावं लागतं. आम्ही त्यावर साधा तोडगा काढला. आदल्या रात्री पायथ्याच्या गावात एखाद्या घरी मुक्काम करायचा. पहाटे सगळं आवरून निघायचं. वाटेत गरज पडली तर दोघींनी ओढणी धरून उभं राहायचं आणि पुरुषांनी न सांगता पन्नास पावलं पुढे जाऊन थांबायचं. पहिल्या वर्षी हे बोलताना सगळ्यांना संकोच वाटला. आता सर स्वतःच म्हणतात, "आम्ही पुढे होतो."

कपड्यांचं म्हणाल तर पायात अडकणारं काही नको. लांब बुरखा असो, साडीच्या निऱ्या असोत किंवा सैल सलवारचा घोळ. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि माथ्यावर वारा लागला की तोच अंगाला गार पट्टीसारखा चिकटतो. म्हणून आत लवकर वाळणारा कपडा, वर स्वेटर, आणि वाऱ्यासाठी एक पातळ जाकीट. चढताना स्वेटर काढून पिशवीत ठेवायचा आणि थांबलो की लगेच घालायचा. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी जी थंडी 'गुलाबी' वाटते ती वर वाऱ्याबरोबर हाडापर्यंत जाते.

आणि अत्तर लावू नका! हे आम्हाला पट्ट्यावर वाटाड्याने सांगितलं. भाईजान सवयीप्रमाणे कानामागे अत्तराचा फाया लावून आले होते. कड्यांवर आग्या माशांची मोठी पोळी असतात. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा त्यांना सहन होत नाही. भाईजानांनी तो फाया काढून टाकला, कान धुतले, आणि दिवसभर टोपी कानापर्यंत ओढून चालले.

जेवणाचा प्रश्न लोक आम्हाला हमखास विचारतात. त्या गावांनी तो कधीच सोडवून ठेवला आहे. नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात. ज्या घरी आम्ही उतरतो त्या मावशी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतात आणि आम्ही चुलीच्या उबेला बसून खातो. नमाजसाठी ओसरीतली जागा झाडून देतात. पहिल्या वेळी त्यांनी पश्चिम कुठली ते हात करून दाखवलं आणि वुजूला गरम पाणी दिलं. घरात आणखी काय लागतं?

कळसूबाई

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. ते आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात आहे. संगमनेरहून अकोले, राजूर, शेंडी करत बारी गावात पोहोचायला सुमारे दोन तास लागतात. हा सगळा परिसर १९८६ पासून अभयारण्य आहे. जिल्ह्यातलं शिखर आणि आपण वर गेलो नाही हे आम्हाला खुपत होतं. म्हणून चौथ्या हिवाळ्यात ठरवलं, कळसूबाई. आणि तेही सूर्योदयाला माथ्यावर.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा आम्ही कोणालाच सांगितली नव्हती. आमच्या मिस्टरांना मधुमेह आहे. त्याच्या दोन वर्षं आधी रक्ततपासणीत निघाला. ते बाजार समितीत हिशेब लिहितात. दिवसभर बसून काम, चहा, घरात आईवडिलांना दोघांनाही शुगर. आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यांनी त्या संध्याकाळी दार लावून सांगितलं, "हे कोणाला बोलायचं नाही." आम्ही मान हलवली. सासूबाईंनाही सांगितलं नाही. ईदला लोकांकडे गेल्यावर ते शीरखुर्म्याची वाटी घेत, दोन घास खात आणि उरलेली हळूच आमच्याकडे सरकवत. दोन ईद आम्ही दुप्पट शीरखुर्मा खाल्ला. मिस्टर म्हणत, "लोक बिमार समजतील. उद्या काही काम सांगायचं म्हटलं की 'राहू द्या, त्यांना शुगर आहे' म्हणतील." चाळिशीतल्या पुरुषाला आजारापेक्षा ते एक वाक्य जास्त लागतं, हे आम्हाला कळत होतं. म्हणून आम्हीही गप्प राहिलो. आता वाटतं, आमचं गप्प राहणं ही त्यांची मदत नव्हती.

शनिवारी रात्री बारीत मुक्काम केला. पहाटे साडेतीनला उठलो. सूर्योदय सातच्या सुमारास, तीन-साडेतीन तासांची चढण, म्हणून सगळी घाई. मावशींनी कोरा चहा दिला. भाकरी गरम व्हायला वेळ लागेल म्हणून ती फडक्यात बांधून घेतली. मिस्टरांनी आमच्याकडे पाठ करून गोळी घेतली. आम्ही हळूच विचारलं, "काही खाल्लं ना?" ते म्हणाले, "हो, बिस्कीट." ते बिस्कीट दुसऱ्या दिवशी जाकिटाच्या खिशात सापडलं.

बॅटरीच्या उजेडात चढ सुरू झाला. पुढे वाटाड्या, त्याच्यामागे मिस्टर आणि सर, मध्ये मैत्रीण आणि तिचे पती, भाईजान आणि आपा, शेवटी आम्ही आणि भाभी. सुरुवातीच्या टप्प्यात देवीचं एक छोटं देऊळ लागतं. ज्यांना माथ्यापर्यंत जाता येत नाही ते तिथूनच हात जोडून परततात, असं वाटाड्याने सांगितलं. तेव्हा आम्ही ते ऐकलं आणि पुढे निघालो.

सव्वासहाच्या सुमारास एका सपाटीवर थांबलो. फजर तिथेच पढली. सलाम फेरून सगळे उठले. मिस्टर उठले नाहीत. दुआ मागत असतील असं वाटलं. भाईजानांनी शाल झटकली, भाभींनी चटई गुंडाळली, तरी ते बसलेलेच. आम्ही हाक मारली तेव्हा दचकून उठले.

पुढच्या चढावर सर काहीतरी चेष्टेने म्हणाले आणि मिस्टर त्यांच्यावर खेकसले. सगळे गप्प झाले. वीस वर्षांच्या मैत्रीत असं कधी झालं नव्हतं. वाटाड्याच्या बॅटरीचा झोत त्यांच्या तोंडावर पडला आणि आम्हाला कपाळावर घाम दिसला. वारा असा होता की आमची बोटं हातमोज्यात आखडली होती. तिथे चाललेल्या माणसाला घाम येणं ठीक, पण ते पाच मिनिटं उभे होते.

कळसूबाईच्या वाटेवर अवघड ठिकाणी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत, बाजूला कठडे आहेत. एका शिडीच्या तोंडाशी मिस्टरांनी कठड्याला हात घातला आणि हात कठड्याच्या शेजारून गेला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. "काय झालं?" विचारलं तर म्हणाले, "कुछ नहीं, चलो." पण ते 'चलो' जीभ जड झाल्यासारखं आलं.

दोन गोष्टी एकाच वेळी मनात आल्या. एक, यांना दिलेला शब्द. दुसरी, ती शिडी. शिडीच्या एका बाजूला काहीही नव्हतं. आम्ही मागून ओरडलो, "थांबा! यांना शुगर आहे. यांनी गोळी घेतली आहे आणि काही खाल्लं नाही."

सगळे वळले. मिस्टरांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आम्ही विसरणार नाही. मग वाटाड्याने त्यांच्या दंडाला धरून खडकाला पाठ लावून बसवलं. सर ग्लुकोज कोणाकडे आहे विचारत पिशव्या उलट्या करू लागले. तोच भाईजानांनी कोटाच्या आतल्या खिशातून ग्लुकोजच्या पावडरीचं पाकीट काढलं. पाण्यात कालवून बाटली मिस्टरांच्या ओठाला लावली आणि आमच्याकडे न पाहता म्हणाले, "मलाही आहे. सात वर्षं झाली."

आपा तिथेच दगडावर बसल्या. आधी हसल्या, मग पदरात तोंड घालून रडल्या. सात वर्षं त्याही दुप्पट शीरखुर्मा खात होत्या.

पंधरा मिनिटांनी पुन्हा ग्लुकोज दिलं. हळूहळू मिस्टरांचे डोळे जागेवर आले, बोलणं सुटं झालं. मग भाकरी खायला लावली. तोवर पूर्वेकडे उजाडलं. आम्ही आठही जण आणि वाटाड्या त्या खडकापाशी बसलेले असतानाच ऊन आलं. शिखर अजून तासाभराच्या वाटेवर होतं. मिस्टर म्हणाले, "तुम्ही जा, मी इथे बसतो." सरांनी बूट घट्ट बांधले आणि उतरणीकडे तोंड करून उभे राहिले. मैत्रिणीचे पती म्हणाले, "आठ आलो, आठ जाऊ." वाटाड्याने मिस्टरांची पिशवी आपल्या खांद्याला लावली. कोणी वर पाहिलं नाही.

दोन दिवसांची अबोली

घरी आल्यावर मिस्टर आमच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. जेवणाचं ताट आलं की जेवत, गोळी घेत, कामावर जात. आम्हालाही वाटत राहिलं की लोकांसमोर यांची गोष्ट उघडी पाडली. आणि त्याच वेळी हेही वाटत होतं की पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ओरडू. दोन्ही खरं होतं.

डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी जे सांगितलं ते प्रत्येक घराने माहीत करून घ्यावं असं आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन रक्तातली साखर खाली आणतात. चढताना स्नायूही साखर वापरतात. पोट रिकामं असेल तर तिन्ही गोष्टी एकत्र येऊन साखर एकदम उतरते. ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, छातीत धडधड, चिडचिड, गोंधळ, बोबडं बोलणं सुरू होतं. थंडीत थरथर झाली तर लोकांना वाटतं गारठा लागला. चिडचिड झाली तर वाटतं स्वभाव. म्हणून शंका आली की आधी साखर द्यायची. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्यावं, पंधरा मिनिटं थांबावं, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावं, आणि बरं वाटल्यावर भाकरी-पोळीसारखं काही खायला घालावं. आपल्याकडे खजूर असतोच, तो जवळ असावा. पण ग्लुकोज किंवा साखर त्याच्यापेक्षा लवकर लागू पडते. चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्याला आणखी उशीर लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. मोठ्या श्रमानंतर रात्रीही साखर उतरू शकते, म्हणून त्या रात्री उपाशी झोपायचं नाही. आणि डोंगरावर जाण्याआधी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारायचं. आपल्या मनाने कमी-जास्त करायचं नाही.

बाहेर पडताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "डोंगर बंद करायची गरज नाही. लपवणं बंद करा."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मिस्टर कामावरून आले. हातात मेडिकलची पुडी होती. त्यात ग्लुकोजची दोन पाकिटं. एक आपल्या पाकिटाशेजारी ठेवलं, दुसरं आमच्यापुढे सरकवून म्हणाले, "हे तुझ्या पर्समध्ये असू दे." एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माफी मागितल्याचं आम्हाला आठवत नाही. पण त्या दिवशी मागितली.

सोबत हा शब्द

आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. पाचवीच्या वर्गात मुलं विचारतात, "टीचर, मराठीतला हा शब्द आपल्याकडचा वाटतो." 'सोबत' त्यांतलाच. अरबीतला 'सुहबत', उर्दूतली 'सोहबत' मराठीत येऊन 'सोबत' झाली. त्याच धातूवरून 'सहाबा' येतो, 'साहेब'ही येतो. म्हणजे साहेब हा मुळात सोबती. आमच्या घरचे साहेब आपलं दुखणं लपवून साहेब राहू पाहत होते, हे आम्ही त्यांना एकदा गंमतीने सांगितलं. ते हसले. "मग तू काय, साहेबीण?" म्हणाले.

त्यानंतरच्या नोव्हेंबरमध्ये आठही जण आमच्या घरी जमलो. सरांनी वहीतलं एक पान फाडलं आणि मध्ये रेघ मारली. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला दुखणं. भाईजान, शुगर. मिस्टर, शुगर, हे भाईजानांनीच सांगितलं, मिस्टर चहाच्या कपात पाहत होते. सर स्वतः थांबले आणि मग म्हणाले, "दमा. थंड हवेत जास्त. पंप असतो माझ्याकडे, तुम्ही कोणी पाहिला नसेल." भाभींचा रक्तदाब. मैत्रिणीला उंचीवरून खाली पाहिलं की चक्कर येते. ती तीन वर्षं सगळ्या कड्यांपासून दूर बसून आमचे फोटो काढत होती आणि आम्हाला वाटत होतं तिला फोटोंची आवड आहे! आमचा डावा गुडघा. पान भरलं. एवढी वर्षं एकत्र चाललो आणि कोण कशाने थकतं हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या पानाच्या आठ प्रती केल्या. आणि नियम ठरला. सगळ्यात हळू चालणारा पुढे, बाकीचे त्याच्यामागे. न्याहारी झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. सूर्योदयाची शर्यत नाही.

पुन्हा त्याच शिडीशी

गेल्या जानेवारीत पुन्हा बारीला गेलो. फजर ओसरीवर पढली, मावशींनी समोर बसून सगळ्यांना भाकरी खायला लावली. "आधी न्याहारी, मग देवी," त्या म्हणाल्या. उजाडल्यावर निघालो. पुढे आम्ही आणि आमचा गुडघा, म्हणून सगळ्यांनाच बैलगाडीच्या चालीने यावं लागलं. दर पाऊण तासाने थांबायचं, पाणी, मूठभर चणे. भाईजान आणि मिस्टर एकमेकांना विचारत, "क्या हाल?" आणि एकमेकांचं खरं उत्तर ऐकत.

त्या शिडीपाशी मिस्टर थांबले. कठड्याला हात लावून पाहिला. मग मैत्रिणीकडे वळून म्हणाले, "ताई, खाली पाहू नका, माझ्या टाचा पाहा." ती त्यांच्या टाचा पाहत चढली, तिचे पती तिच्या मागे. वर पोहोचल्यावर तिने डोळे उघडून खाली पाहिलं. मग बराच वेळ बोलली नाही.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. तिथे लिंबूपाणी विकणारा मुलगा होता. त्याने विचारलं, "साखर घालू?" दोघेही एकदम म्हणाले, "मीठ घाल."

माथ्यावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. सूर्योदय कधीच होऊन गेला होता आणि त्याचं कोणाला काही वाटलं नाही. माथा लहानसाच आहे. वाटाड्या चपला काढून देवळात गेला, आम्ही वारा अडेल अशा बाजूला बसलो. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग एका रांगेत. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं ते धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्याच्या मागे रतनगड, आणि दूर हरिश्चंद्रगड. पूर्वेला पट्टा, जिथून आमची सुरुवात झाली होती. भाभींनी तो ओळखला आणि आपल्या लग्नातल्या चपलांची आठवण काढून हसत सुटल्या.

मिस्टर आणि आम्ही जरा बाजूला बसलो होतो. घरात आमचं बोलणं म्हणजे गॅस, फी, अम्मींची औषधं, मुलाचा क्लास. तेही अर्धं फोन वाजेपर्यंत. त्या दिवशी चढताना आम्ही तीन तास बोललो होतो, आणि वर आल्यावर बोलायचं काही उरलं नव्हतं म्हणून गप्प बसलो होतो. ते गप्प बसणं वेगळं होतं.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, तुम्हीही जा. कळसूबाईलाच जायला हवं असं नाही. तुमच्या गावाजवळ एखादी टेकडी असेल, तिच्यापासून सुरुवात करा. गावातला वाटाड्या बरोबर घ्या, त्याच्या घरी जेवा, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. आणलेलं प्लास्टिक परत न्या. अंधार पडण्याआधी उतरा. आणि निघण्याआधी एकत्र बसून एकमेकांना विचारा, "तुला काय होतं?" हा प्रश्न डोंगरासाठी विचारला तरी त्याचं उत्तर घरात उपयोगी पडतं.

यंदा हरिश्चंद्रगड ठरला आहे, पाचनईच्या बाजूने, म्हणजे आमच्या गुडघ्याला बरं. परवा सगळे पुन्हा जमले. सरांनी वहीतलं नवं पान फाडून मध्ये रेघ मारली आणि पेन कोणाला द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मिस्टरांनी हात पुढे केला. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं, आणि रेघेच्या पलीकडे, ठळक अक्षरात, 'शुगर'.